सुटा कीबोर्ड किती वेळ सुटा राहणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही द्राक्षबागांना सल्ला देता आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात रोज फिरता. बागेत फोटो काढता, घडांच्या नोंदी घेता आणि संध्याकाळी घरी येऊन बागायतदाराला फवारणीचं वेळापत्रक टाइप करून पाठवता. घरचा लॅपटॉप सात वर्षांचा झालाय, रडतखडत चालतो. त्याच लॅपटॉपवर वहिनी दोन दुकानांचे हिशेब टॅलीत लिहितात. आता पन्नास हजारांच्या आसपास खर्चून कीबोर्ड निघणारा टॅब्लेट घ्यावा, म्हणजे बागेत टॅब, घरी लॅपटॉप, एकाच पैशात दोन्ही कामं, असा तुमचा विचार आहे. मी नाशकात कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्त करतो. ही मशिनं काउंटरवरून विकतो आणि पुढे बिघडली की टेबलावर उघडतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅबच्या गुणदोषांआधी तुमच्या घरातली अडचण बघू. तुमच्याकडे माणसं दोन, कामाच्या जागा दोन आणि मशीन एक. जुना लॅपटॉप काढून त्या जागी एक सुटा टॅब आणला, तर सकाळी तुम्ही तो घेऊन मोहाडीच्या बागेत गेलात की वहिनींचं टॅलीही तुमच्या गाडीत बसून मोहाडीला गेलं. कीबोर्ड घरी ठेवून गेलात तरी उपयोग शून्य, कारण या प्रकारात सगळा कॉम्प्युटर स्क्रीनच्या मागे असतो आणि कीबोर्डात फक्त बटणं असतात. त्यामुळे ‘एकात दोन’ हा हिशेब एकट्या माणसाला लागू पडतो. जोडप्याला तो लागू पडेलच असं नाही.

आता मूळ मुद्दा. सुटा कीबोर्ड मागायला कोणी आलं की मी एकच विचारतो: दिवसभरात कीबोर्ड काढलेला किती वेळ असेल आणि लावलेला किती? बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही, कारण ‘निघतो’ हेच त्यांना आवडलेलं असतं. पुढे साधारण दोन गोष्टी घडतात. काहींचा कीबोर्ड नव्याची नवलाई संपली की कायमचा लागलेलाच राहतो. मग त्यांनी जास्त पैसे देऊन एक लहान, डुगडुगणारा लॅपटॉप घेतलेला असतो. काहींचा कीबोर्ड कपाटात जातो आणि टॅबवर सिनेमे आणि युट्यूब चालतं. त्यांचे कीबोर्डाचे पैसे फुकट गेलेले असतात. ही वस्तू खरी कामाची कोणाला? ज्याला रोज उभ्याने हातात धरून काम करायचंय आणि त्याच दिवशी, त्याच फाइलवर, टेबलाशी बसून टाइपही करायचंय, त्याला. तुम्ही निम्मे अशा लोकांत मोडता. निम्मे म्हणतो, कारण तुमचं टाइपिंग घरी होतं, बागेत नाही.

मांडीवर टाइप करणार असाल तर आणखी एक गोष्ट. साध्या लॅपटॉपचं वजन खालच्या भागात असतं, बॅटरी आणि बोर्ड कीबोर्डाखाली असतात. म्हणून तो मांडीवर, खाटेवर, पंचवटी एक्सप्रेसच्या सीटवर कुठेही स्थिर बसतो. सुट्या टॅबचं सगळं वजन वरच्या स्क्रीनमध्ये. ती मागे कलंडू नये म्हणून पाठीला एक पाय दिलेला असतो, तो मागे उघडायचा. पाय उघडला की टेबलावर हातभर खोल जागा लागते. मांडीवर तो पाय गुडघ्यावरून घसरतो. काही कंपन्यांनी यावर वजनदार बिजागरीचा कीबोर्ड काढला. तो छान उभा राहतो, पण मग हलकेपणा गेला. १२.९ इंची आयपॅड प्रो अ‍ॅपलच्याच मॅजिक कीबोर्डसकट साधारण १.४ किलोचा होतो आणि १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचं आहे. सुटा टॅब लॅपटॉपपेक्षा हलका असतोच असं नाही. दुकानात तो कीबोर्ड लावून हातात घ्या आणि मग बोला.

आता त्यावर चालणारी सॉफ्टवेअरं. इथे लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. दिसायला सगळे टॅब सारखे, पण आतली दुनिया वेगळी. टॅली विंडोजवर चालतं. अँड्रॉइड टॅबवर किंवा आयपॅडवर ते बसवता येत नाही. ब्राउझरमधून रिपोर्ट बघता येतात, टॅली क्लाउडवर भाड्याने घेऊन टॅबमध्ये उघडणारेही आहेत, पण रोज शंभर व्हाउचर मारणाऱ्या माणसाला दहा इंची स्क्रीनवर ते नकोसं होतं. टॅलीचा सगळा वेग कीबोर्डच्या फंक्शन की आणि नंबर पॅडवर असतो. या छोट्या कीबोर्डांना नंबर पॅड नसतो आणि एफ४, एफ५ साठी बऱ्याचदा एफएन दाबून धरावं लागतं. वहिनींना विचारा, त्या काय म्हणतात ते.

मग विंडोजचाच सुटा टॅब घ्यावा का? तुमच्या बजेटात नवा घ्यायचा तर बहुधा हलका प्रोसेसर आणि ४ किंवा ८ जीबी रॅम पदरात पडते. विंडोज ११ बसवायला कंपनीने सांगितलेली किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे. स्वस्तातल्या टॅबांमध्ये नेमकं तेवढंच दिलेलं असतं. किमान अट म्हणजे विंडोज चालू होईल, एवढाच त्याचा अर्थ. ६४ जीबीत विंडोज, त्याची अपडेट्स, ऑफिस आणि तुमचे बागेतले फोटो कोंबले की ते दिवसभर हुंदके देत बसतं. ही रॅम आणि स्टोरेज बोर्डवर सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. ८ जीबी आणि खऱ्या एसएसडीखाली विंडोजचा टॅब घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त मिळो.

नुसतं ‘विंडोज’ लिहिलंय म्हणून सगळं चालेल, असंही नसतं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिला सरफेस आणला तेव्हा त्यावर विंडोज आरटी होतं आणि जुनी विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालतच नव्हती, कारण आतला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा होता. आताच्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज मशिनांत परिस्थिती कितीतरी सुधारली आहे, जुनी बहुतेक सॉफ्टवेअरं भाषांतर करून चालवली जातात. मात्र ड्रायव्हरना हे लागू नाही. ड्रायव्हर त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. म्हणजे मशीन घेण्याआधी तुमचा जुना प्रिंटर, स्कॅनर आणि मुख्य म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, ती पेन ड्राइव्हसारखी कांडी, त्याच मशिनात लावून बघायचं. वहिनी ज्या दुकानांचे हिशेब बघतात ती एकट्या मालकाची असतील तर जीएसटी रिटर्न मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येतं. त्यातलं एखादं कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर डिजिटल सही लागतेच, आणि तिथे हे टोकन नेमकं शेवटच्या तारखेला नडतं.

तुमची स्वतःची गरज अँड्रॉइड किंवा आयपॅडवर भागेल. फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, पीडीएफ, वर्ड, एक्सेल, एवढंच तुम्ही लिहिलंय. फक्त तुमच्या एक्सेलच्या शीटमध्ये मॅक्रो, म्हणजे बटणामागे लपवलेले छोटे प्रोग्रॅम, आहेत का, ते बघा. अनेक सल्लागारांकडे कोणीतरी बनवून दिलेली फवारणीची शीट असते, बटण दाबलं की मात्रा निघते. टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. शीट उघडते, बटण दिसतं आणि दाबलं तरी काही होत नाही. साधी सूत्रं असतील तर काळजी नाही. आणखी एक बारीक अट आहे. मायक्रोसॉफ्टची ऑफिसची मोबाइल अ‍ॅप्स फुकटात एडिट करू देतात ती १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर. त्याहून मोठा टॅब घेतला की वर्षाची वर्गणी आली. अकरा इंचाच्या मोहात पडणाऱ्यांना ही गोष्ट बिल फाडल्यावर कळते.

आता बाग. पहिली अडचण उन्हाची. साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० निट्सच्या आसपास उजेड देते, बऱ्या टॅबची ४०० ते ६००. उघड्यावर भर उन्हात दोन्ही कमीच पडतात. मांडवाखाली मात्र टॅब चालतो आणि लॅपटॉप चालत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत मांडव उघडा असतो, तेव्हा टॅबही चमकतो आणि त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट काच लावली तर चमक कमी होते, अक्षरं जराशी धुरकट दिसतात. त्यात दुसरी अडचण उष्णतेची. आपण नाशिककर थंड हवेचं कौतुक करतो, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. अ‍ॅपल आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेची मर्यादा सांगतं. या मशिनांना पंखा नसतो. तापली की स्वतःच स्क्रीनचा उजेड कमी करतात, चार्जिंग थांबवतात, शेवटी बंद पडतात. उन्हात उजेड वाढवा, तो वाढवला की टॅब तापतो, तापला की उजेड कमी करतो, असं हे चक्र आहे. जाड रबरी कव्हर घातलं की धक्क्यापासून वाचतो आणि आणखी तापतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका. फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन येणाऱ्यांत गाडीत टॅब ठेवणारे बरेच असतात.

तिसरी गोष्ट जोडाची. सुटा कीबोर्ड टॅबला चुंबकाने चिकटतो आणि मध्ये स्प्रिंगच्या बारीक सोनेरी पिना असतात, त्यांना आम्ही पोगो पिन म्हणतो. टॅबच्या कडेला त्यांच्यासमोर सपाट ठिपके असतात. सगळी बोलणी या मोजक्या ठिपक्यांमधून चालतात. बागेत काय उडतं ते तुम्हाला सांगायला नको: बोर्डोच्या फवारणीतलं मोरचूद आणि चुना, गंधकाची पावडर, वर घाम. हे ठिपक्यांवर बसलं की त्यावर हिरवट-काळा थर येतो. मग कीबोर्ड मध्येच लागतो, मध्येच सुटतो. एखादं अक्षर पाच वेळा उमटतं किंवा ‘अ‍ॅक्सेसरी चालत नाही’ असा निरोप येतो. गिऱ्हाईक म्हणतं, सॉफ्टवेअर बिघडलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश दोनदा फिरवला की निम्मी मशिनं तिथेच बरी होतात. पिन आत दबून राहिली असेल तर मात्र कीबोर्ड बदलायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या टॅबांचं दुखणं निराळं. लेथजवळ ठेवलेल्या टॅबच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तो कीस दोन ठिपक्यांमध्ये पूल बांधतो. तिथल्या इन्स्पेक्शनवाल्यांना मी सांगून ठेवलंय, फ्लोअरवर कीबोर्ड काढायचा नाही आणि काढलाच तर कडेला टेप लावायची.

टॅब पाणी-धूळरोधक असला म्हणजे त्याचा कीबोर्डही तसाच, असं समजू नका. सॅमसंगची २०२३ ची टॅब एस९ मालिका आयपी६८ दर्जाची आहे, पण हा दर्जा टॅबचा. कीबोर्डचा दर्जा वेगळा विचारायचा. शेतासाठी, कारखान्यासाठी बनवलेले जाडजूड टॅबही मिळतात. सॅमसंगच्या टॅब अ‍ॅक्टिव्ह मालिकेत हातमोजे घालून स्क्रीन चालते आणि बॅटरी आपल्याला काढून बदलता येते. दिसायला ठोकळा आहे, पण तुमच्या कामाला तो नाजूक काचेच्या पाटीपेक्षा बरा.

फोटोंवर बागेचं ठिकाण उमटायला हवं असेल, आणि निर्यातीच्या बागा असतील तर हवंच असेल, तर जीपीएस तपासा. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. अँड्रॉइडचे वाय-फाय टॅब यात सरसकट वाईट नाहीत, पण मॉडेलगणिक बघावं लागतं. मला विचाराल तर फिरत्या माणसाने सिमचाच टॅब घ्यावा. रोज फोनचं हॉटस्पॉट लावून फोनची बॅटरी संपवणं दोन महिने गमतीचं वाटतं.

टाइपिंगबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, ‘मराठी टाइप होईल ना?’ होईल. पण कसं टाइप करता त्यावर ते अवलंबून आहे. तुम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवत असाल किंवा बोलून लिहीत असाल तर कुठलाही टॅब चालेल. तुम्ही जर इनस्क्रिप्टवाले, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण असलेल्या मांडणीवर टाइप करणारे असाल, तर छोटा कीबोर्ड हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कारण सांगतो. दहा इंची टॅबच्या कीबोर्डात पूर्ण मापाची बटणं मावत नाहीत. साधारण कीबोर्डात दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर १९ मिलिमीटर असतं, इथे ते कमी होतं. तरीही जागा पुरत नाही म्हणून उजव्या हाताच्या करंगळीकडची बटणं आणखी चेपतात. इंग्रजीत तिथे अर्धविराम, अवतरण आणि चौकटी कंस असतात, त्यांची फारशी गरज पडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये तिथेच च, ट आणि ड बसलेत. ठ, ढ, छ साठी त्याच चेपलेल्या बटणांबरोबर शिफ्ट दाबायची. ‘टोमॅटो’ आणि ‘छाटणी’ लिहून बघा, बोट कुठे अडखळतं ते लगेच कळेल. ऑची खूण तर काही कीबोर्डांत एन्टरच्या वर नखाएवढ्या बटणावर ढकललेली असते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने देवनागरी फॉन्ट वापरणाऱ्यांनी टॅबच्या वाटेला जाऊच नये, ती विंडोजवरची कामं. अँड्रॉइडवर आणखी एक गोष्ट तपासायची. पडद्यावरच्या कीबोर्डात मराठी असली म्हणजे जोडलेल्या खऱ्या कीबोर्डातूनही ती तशीच उमटेल, याची खात्री नसते. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही आधीच असतात, नुसते चालू करायचे.

दुरुस्तीचं सांगतो, कारण बाजारातला माणूस हे सांगत नाही. साधा लॅपटॉप मागून आठ-दहा स्क्रू काढले की उघडतो. बॅटरी, एसएसडी, पंखा, कीबोर्ड, सगळं वेगवेगळं बदलता येतं. टॅबला स्क्रू दिसतच नाहीत. स्क्रीनच कडेने गोंदाने चिकटवलेली असते. आम्ही तो गरम पाट्यावर ठेवतो, गोंद मऊ होईपर्यंत थांबतो, कडेला सक्शन कप लावून केसभर फट पाडतो आणि त्यात प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत चारही बाजू फिरतो. एका कोपऱ्यात घाई झाली की काच तडकते. म्हणून बॅटरी बदलायला आलेल्या टॅबवर आधीच लिहून घ्यावं लागतं, काच गेली तर जबाबदारी नाही. आत बॅटरीही चिकटवलेली असते. सातव्या वर्षी तुमचा लॅपटॉप दुरुस्त होऊ शकतो. सात वर्षांच्या सुट्या टॅबची बॅटरी गेली तर बहुतेकदा हिशेब बसत नाही. कीबोर्डचं कापडही विसरू नका. ज्या घडीवर तो दुमडतो, तिथे कापड सुटतं आणि आतली चपटी वायर रोज वाकून एक दिवस तुटते. ती कोणी जोडून देत नाही. नवा कीबोर्ड घ्यावा लागतो, आणि त्या मॉडेलचा बाजारात शिल्लक असला तरच मिळतो. तीन वर्षांनी बहुधा नसतो.

पैशाचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. जाहिरातीतल्या फोटोत कीबोर्ड लावलेला असतो आणि किंमत मात्र नुसत्या टॅबची लिहिलेली असते. एक खरं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड भारतात ४४,९०० रुपयांना आला, तेव्हा त्याचा अ‍ॅपलचाच कीबोर्ड २४,९०० रुपयांना होता, आणि पेन वेगळं. दर पुढे खाली-वर झाले, पण कीबोर्डचा खर्च वेगळा तो वेगळाच राहिला. तुमच्या पन्नास हजारांत टॅब, कीबोर्ड, पेन, कव्हर, आणि पेन ड्राइव्ह-माउस-चार्जर एकदम लावायला हब, एवढं सगळं बसवायचं म्हटलं तर मूळ टॅब तीस हजारांच्या खाली उतरतो. म्हणजे बागेत ज्यावर काम करायचं तीच वस्तू हलकी घेतली जाते.

याचा अर्थ ही मशिनं वाईट आहेत असा नाही. कॉलेज रोडला एक डॉक्टरबाई पेशंटसमोर टॅबवर पेनाने लिहितात, रात्री कीबोर्ड लावून पेपर लिहितात. त्यांना यापेक्षा चांगली वस्तू मी सुचवू शकलो नसतो. पीडीएफवर खुणा करत अभ्यास करणारी पोरं, ग्राहकाच्या दारात उभं राहून डिझाइन दाखवणारे इंटिरिअरवाले, यांचंही जमतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना मी स्पष्ट नाही म्हणतो. कॅड आणि प्रोग्रॅमिंगच्या कामाला दहा इंचाची काच पुरत नाही आणि आईबापांना वर्षभरात दुसरं मशीन घ्यावं लागतं. स्क्रीन पूर्ण मागे फिरणारा लॅपटॉप हा मधला पर्याय विचारणारे असतात. तो टेबलावर मस्त, पण दीड किलोचा पाट एका हातात धरून तुम्ही घडातले मणी मोजणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. जुना लॅपटॉप टाकला नसता. आधी त्याचा प्रोसेसर बघितला असता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन सात वर्षांचं, म्हणजे नेमकं या रेषेच्या आसपास. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. तिथे आय५-८२५०यू असं काही लिहिलेलं असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा पिढीचा. आठ असेल तर त्यात साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा, वर विंडोज ११. बॅटरी टिकत नसेल तर तीही. रडतखडत चालणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांचा रोग जुनी फिरती हार्ड डिस्क हाच असतो. वहिनींचं टॅली त्यावर आणखी काही वर्षं सुखाने चालेल आणि तुमचे लांबलचक रिपोर्टही रात्री तिथेच टाइप होतील. सात असेल तर तो त्यांच्यासाठी बदलावाच लागेल, आणि मग पन्नासातले निम्म्याहून जास्त पैसे साध्या लॅपटॉपकडे वळवा, टॅब हलका घ्या.

बागेसाठी सिमचा, १०-११ इंची, ८ जीबी रॅमचा अँड्रॉइड टॅब, जाड कव्हरसकट. १०.१ इंचाच्या वर गेलात तर ऑफिसची ती वर्गणी हिशेबात धरा. त्याचा स्वतःचा चुंबकी कीबोर्ड घेऊ नका. हजार-दीड हजाराचा पूर्ण मापाचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या आणि तो गाडीत नाही, घरी ठेवा. तो बिघडला तर दुसरा घेता येतो, टॅब बदलला तरी तोच चालतो आणि च-ट-ड आपापल्या मापाचे राहतात. पेन मात्र घ्याच. फोटोवर करपलेल्या पानाभोवती गोल काढून ‘इथून खाली तिन्ही ओळी बघा’ असं लिहून पाठवलं की बागायतदाराचा उलट फोन येत नाही. सॅमसंगच्या काही मॉडेलांत पेन डब्यातच येतं आणि लिहायला चार्ज करावं लागत नाही, आपल्या भागातल्या विजेचा विचार करता हे सोयीचं. टॅब गाडीतल्या साध्या चार्जरवर आणि पॉवर बँकवरही चार्ज होतो, विंडोजच्या टॅबला जास्त ताकदीचा चार्जर लागतो, हा आणखी एक फायदा.

घेताना एमजी रोडला किंवा जिथे जाल तिथे डब्यातला नाही, शोकेसमधला चालू टॅब हातात घ्या. दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात नेऊन स्क्रीन बघा, दुकानदार कुरकुरला तरी. गॉगल घालून बघा, काही स्क्रीन गॉगलमधून एका दिशेने काळ्या दिसतात. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं. सर्व्हिस सेंटर नाशकात आहे की टॅब मुंबईला पाठवणार, हेही. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गर्दीत टॅब पंधरा दिवस कुरिअरमध्ये अडकला तर तुमचा हंगाम जातो.

लॅपटॉपच्या प्रोसेसरचा तो आकडा आणि तुमच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो आहेत की नाहीत, एवढं कळवा. शीटमध्ये मॅक्रो निघाले तर मात्र मी टॅबचं मॉडेल सुचवण्याआधी ती शीट साध्या सूत्रांत बसवता येते का, ते बघायला सांगेन.